गॅलरीतला पारा

वर्तमानपत्रातल्या लोकांना शिकवायला जायचं म्हणजे आधी टोमणे खायची तयारी हवी, हे ती पहिल्या वर्षातच शिकली होती. ज्यांचा जन्म दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेला, त्यांना फोनवर बातमी कशी टाकावी हे सांगायला एक बाहेरची बाई येते म्हटल्यावर कोणीतरी हळूच म्हणणारच, "आल्या हेडबाई." ती हसायची, पडद्याला वायर जोडायची आणि कामाला लागायची. जेवणाच्या सुट्टीनंतर तेच लोक खुर्च्या पुढे ओढून बसलेले असायचे. तिचं शिक्षण संख्याशास्त्राचं. समाजमाध्यमांवर बोलणारे बाकीचे सल्लागार गोड गोड विशेषणं वापरत, ती आकडे दाखवायची. त्यामुळे वर्तमानपत्रं, वाहिन्या, रेडिओवाले तिला पुन्हा पुन्हा बोलवत.

त्या दिवशी एका सायंदैनिकात तिचा वर्ग होता. काचेच्या भिंतींची खोली, एसीतून पाणी गळत होतं म्हणून खाली लावलेली बादली, आणि लांबट टेबलाभोवती दाटीवाटीने बसलेला समाजमाध्यम विभाग. तक्रार नेहमीचीच होती. बातम्यांखाली लोक काहीबाही लिहितात, भांडतात, त्या पसाऱ्याचं करायचं काय? तिने खऱ्या कमेंट चिठ्ठ्यांवर छापून आणल्या होत्या आणि टेबलावर तीन ट्रे मांडले होते. उत्तर द्या. राहू द्या. लपवा.

"काढून टाकली की माणूस चवताळतो," ती सांगत होती. "त्याला बंदी घातली की दुसरं खातं काढून येतो. म्हणून लपवायची. लपवलेली कमेंट लिहिणाऱ्याला स्वतःला दिसत राहते, बाकी कोणालाच दिसत नाही. तो बोलत राहतो. आपण दार लावून घेतलेलं असतं आणि त्याला पत्ताही लागत नाही."

"म्हणजे आम्ही संपादकांशी बोलतो तसंच की," कोपऱ्यातला उपसंपादक म्हणाला, आणि सगळे खिदळले. हा टक्कल पडलेला, चष्मा कपाळावर ठेवणारा गृहस्थ सकाळपासून प्रत्येक मुद्द्याला फाटे फोडत होता. तिला तो आवडला होता.

मग ती चिठ्ठी आली. हवामानाच्या बातमीखालची. लिहिणाऱ्याचं नाव होतं 'गॅलरीतला पारा'. मजकूर एवढाच: माझ्या गॅलरीत आज एकवीस. तुम्ही तेवीस म्हणता.

"हे महाशय रोज येतात," उपसंपादक म्हणाला. "रोज एक आकडा. राहू द्या त्यांना, कोणाचं काय घेतात?"

"महाशय कशावरून?" तिने विचारलं. "फोटो नाही. खरं नाव नाही. मित्र एकही नाही. रोज त्याच सुमाराला, त्याच साच्यातलं एक वाक्य, आणि त्यात आकडा. ही लक्षणं कशाची?"

"यंत्राची!" वर्ग एका सुरात म्हणाला. सकाळभर तिने हेच तर घोटून घेतलं होतं.

"यंत्र रविवारी उशिरा कसं येईल मॅडम? हा रविवारी उशिरा येतो. मी बघतो ना रोज."

"यंत्राला वेळापत्रक लावून देता येतं. आणि यंत्र नसेल तरी वेधशाळेच्या आकड्याखाली रोज दुसराच आकडा असेल, तर वाचकाने विश्वास कोणावर ठेवायचा?"

"बरं. आणि याला रोज उत्तर देणारी ही 'कुंडीवाली'? हीसुद्धा यंत्रच का?"

तिने कुंडीवालीचं खातं पडद्यावर उघडलं. झाडांचे फोटो होते, बहुतेक हललेले, एकात तर अर्धं बोटच आलेलं. "ही खरी आहे," ती म्हणाली. "यंत्राचा हात हलत नाही. हिला राहू द्या."

वर्ग हसला. तिने पाऱ्याची चिठ्ठी तिसऱ्या ट्रेमध्ये टाकली, आणि त्या विभागातल्या एका मुलीने तिथल्या तिथे अशी सोय केली की त्या खात्यावरून येणारं सगळंच आपोआप लपावं.

तो पारा तिच्या वडिलांचा होता. तिला हे ठाऊक नव्हतं.

ठाऊक असणार तरी कसं? बाबांनी ते लपवूनच ठेवलं होतं. आई गेल्यावर ते दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात एकटेच राहत. हयात कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलेली. निवृत्तीच्या समारंभात मिळालेलं घड्याळ त्यांनी कपाटात टाकलं आणि प्रयोगशाळेतला एक जुना तापमापक मात्र मागून घेतला. तो गॅलरीच्या सावलीतल्या भिंतीला लावला. लेकीने फोन घेऊन दिला तेव्हा तिने बजावलं होतं, "बाबा, कुठेही खरं नाव टाकायचं नाही, फोटो टाकायचा नाही, अनोळखी लोकांचे मेसेज बंद ठेवायचे." त्यांनी शब्द न् शब्द पाळला. आणि एका सकाळी हवामानाची बातमी वाचून, आपला आकडा वेगळा आहे हे सहन न होऊन, त्यांनी तो लिहून टाकला.

खाली कुंडीवालीने विचारलं, माझ्याकडे वीस. तुमच्या गॅलरीला पूर्वेचं ऊन येतं का?

येतं. सावलीत लावलाय, पण भिंत तापते.

मग दोन विटांवर फळी ठेवून भिंतीपासून लांब लावा की.

लावला. आता वीस. तुमचं बरोबर होतं.

एवढंच. पण रोज. कुठे राहता, घरी कोण कोण, यातलं काही त्यांनी एकमेकांना विचारलं नाही. कधी तिच्या जास्वंदाला कळी यायची, कधी यांचा गुडघा दुखायचा. लेकीच्या लक्षात आलं होतं ते एवढंच की बाबा हल्ली सकाळी लवकर दाढी करतात, आणि ती रविवारी नाश्त्याला आली की फोन पालथा घालून ठेवतात. तिला वाटलं, माझ्यासाठी.

वर्ग झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून कुंडीवालीला पारा दिसेनासा झाला.

आज पारा नाही? तिने लिहिलं.

आहे की. एकोणीस, बाबांनी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. पारा कुठे गेले? बरे आहेत ना?

मी इथेच आहे. बरा आहे.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाबांना वाटलं, फोन बिघडला. बंद करून सुरू केला. आपलं लिहिलेलं तर डोळ्यांसमोर दिसतंय, त्याच्याखाली बाईंचा पुन्हा तोच प्रश्न. त्यांनी ठळक लिहून पाहिलं, सावकाश लिहून पाहिलं. मग त्यांना भीती वाटली की बाईंची स्मृती जातेय. खासगी मेसेज करावा असं मनात आलं, पण परक्या बाईमाणसाला असा मेसेज करणं त्यांना प्रशस्त वाटेना.

शेवटी एका रविवारी, चहा गाळता गाळता, त्यांनी विषय काढलाच.

"ठमे, तुझ्या धंद्यातलं एक विचारू?"

"विचारा की." ती फोनवर एका वाहिनीच्या माणसाला उत्तर लिहीत होती.

"समज, कोणीतरी रोज विचारतं, कुठे आहात. आपण सांगतो, इथे आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारतं. याला काय म्हणायचं?"

"यंत्र असेल बाबा."

"यंत्र?"

"हो, सर्रास असतात. नाहीतर कोणीतरी टिंगल करत असेल. रिकामटेकडे लोक असतात. एकदा खरमरीत सुनवा आणि विषय संपवा."

"पण बोलणं तर माणसासारखं आहे."

"तसंच असतं ते. तुम्ही नका नादी लागू," ती म्हणाली, आणि मग मान वर करून, "कोण विचारतंय?"

"कोणी नाही. असंच." ते साखर नसलेला चहा कितीतरी वेळ ढवळत राहिले. तिने ते पाहिलं. पण वाहिनीच्या माणसाचं उत्तर आलं होतं.

त्यानंतर बाबा उतरत गेले. दाढीचे खुंट वाढले. बोलता बोलता हरवायचे. तिने रक्त तपासून घेतलं, डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे, वय आहे. तिला पटलं नाही. जेवायला बसवलं तर चार घास चिवडून ताट सरकवायचे.

"काय होतंय ते सांगा ना," ती एका रविवारी रडकुंडीला आली. "दुखतंय का कुठे? माझ्यापासून काय लपवताय?"

बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, "मी एका बाईला फार वाईट बोललो, ठमे."

"कोणत्या बाईला?"

"नाव माहीत नाही." आणि मग शाळेतल्या मुलासारखे लाजत, अडखळत त्यांनी सगळं सांगितलं. आकडे, फळी, जास्वंद. "मला वाटलं थट्टा करतेय. तू म्हणालीस सुनवा. मी सुनावलं. तेव्हापासून ती आलेली नाही. एकदाही नाही. मी किती वेळा माफी मागितली. चांगली बाई होती गं. मी घालवली तिला."

त्यांनी फोन तिच्या हातात दिला. पडद्यावर नाव होतं, गॅलरीतला पारा.

तिने आपला फोन काढला, हवामानाच्या त्याच बातम्या एकेक करून उघडल्या आणि दोन्ही फोन शेजारी शेजारी धरले. बाबांच्या फोनवर बाईंच्या प्रत्येक प्रश्नाखाली बाबांचं उत्तर होतं. तिच्या फोनवर नुसते प्रश्न होते, एकामागून एक.

"काय गं? काय झालं?"

"काही नाही. मी बघते. उद्या बघते," ती म्हणाली. तिला तिथे बसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सायंदैनिकात गेली तेव्हा उपसंपादक एकटाच आला होता. तिने काय हवंय ते सांगितलं. का हवंय तेही सांगितलं, कारण न सांगता उभं राहणं तिला जमेना. त्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "मॅडम, मी त्या दिवशी..." एवढं बोलून तो थांबला आणि उठून तिला स्वतःची खुर्ची दिली.

लपवलेलं सगळं दैनिकाच्या समाजमाध्यमावरच्या पानाच्या आतल्या बाजूला फिकट अक्षरांत साठलेलं होतं. ती वाचत गेली. मी इथेच आहे. अहो, काल लिहिलं होतं, दिसलं नाही का? आज सतरा, आणि मी ठणठणीत आहे. बाई, तुम्हाला बरं नाही का? घरात कोणी असेल तर त्यांना वाचायला सांगा. मी आहे.

मग कुंडीवालीचं शेवटचं. हे सगळ्या जगाला दिसत होतं: पारा गेले असतील बहुधा. कोणाला माहीत असेल तर कळवा. शेवटी त्रास झाला नसो, एवढंच. माझ्याकडे अठरा.

त्याखाली बाबांचं, फिकट: जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहता? थट्टेला हद्द असते. यंत्र असाल तर बंद पडा, माणूस असाल तर लाज धरा आणि पुन्हा माझं नाव घेऊ नका.

आणि त्यानंतर रोज एक. रागात लिहिलं. मनावर घेऊ नका. चुकलो. तुम्ही नुसता आकडा टाका, मी काही बोलणार नाही.

"उघडं करू का सगळं?" उपसंपादकाने विचारलं.

"थांबा. ते वाईट लिहिलेलंही उघडं होईल. आधी बाईंशी बोलू दे."

पानाच्या वतीने तिने कुंडीवालीला मेसेज लिहिला. आमच्याकडून तांत्रिक चूक झाली, असं आधी लिहिलं. मग ते खोडून साधं लिहिलं की पारा हयात आहेत, त्यांची उत्तरं आमच्यामुळे तुमच्यापर्यंत पोहोचली नाहीत, आणि त्यांना तुमची काळजी वाटते.

उत्तर दुपारी आलं. मी त्यांची सून. ते शेवटचं लिहिल्यावर थोड्याच दिवसांत आई गेल्या. आजारी होत्याच, पण आम्हालाही इतक्या लवकर वाटलं नव्हतं. हॉस्पिटलात हातात सुई असायची म्हणून मी फोन धरायचे. हवामानाची बातमी उघड म्हणायच्या, आणि खाली बघ, आणखी खाली बघ. मी म्हणायचे, कोणी नाही आई. ते आहेत हे वाचून काय वाटलं सांगता येत नाही. आईंनी तर ते गेले असंच धरलं होतं. त्यांना सांगा, कुंड्या मी बघते आहे. तिने खाली आपलं नाव लिहिलं होतं, आणि सासूचंही.

उपसंपादकाने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. ती तो हातात धरून बसली. प्यायला विसरली.

संध्याकाळी बाबांचा जिना चढताना तिच्या मनात सोपी वाट येऊन गेली. सांगायचं, बाई मुलाकडे राहायला गेल्या. खातं बंद केलं. खोटं बेमालूम झालं असतं, बाबांनी तिच्या धंद्यातलं तिचं सगळंच आजवर खरं मानलं होतं. पण मग ते आयुष्यभर हेच धरून बसणार, की मी घालवली तिला. त्या ओझ्यातून त्यांना सोडवायचं तर एकच वाक्य होतं, आणि ते वाक्य आधी तिच्यावरच उलटणार होतं.

बाबा दारातच उभे होते. "बोललीस का? रागावलीय का फार?"

"बसा आधी."

ते बसले. ती समोर स्टूल ओढून बसली. "बाबा, तुमचं ते वाईट बोलणं त्यांनी वाचलंच नाही."

"वाचलं नाही? तिच्या नावाखाली तर लिहिलंय मी."

"तुम्हालाच दिसत होतं ते. तुमचं खातं लपवलेलं होतं."

"नक्की? आकड्यांतली बाई आहेस तू, उगीच माझं समाधान करू नकोस."

"नक्की. एक अक्षरही त्यांच्यापर्यंत गेलेलं नाही."

बाबांनी डोळे मिटले. खांदे खाली आले. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांनी पाठ खुर्चीला टेकवली. "सुटलो," ते म्हणाले. "सुटलो गं." ते हसले देखील. ते हसणं तिला पाहवेना. कारण आता ते विचार करणार होते, आणि त्यांचा विचार कधी अर्ध्यावर थांबत नसे.

"एक अक्षरही नाही," ते सावकाश म्हणाले. "म्हणजे मी इथे आहे, इथे आहे लिहीत होतो... तेही नाही."

"नाही."

"म्हणून ती विचारत राहिली."

"हो."

"मग आता सांग तिला. आता तर सांगता येईल ना?"

तिने स्टूल आणखी पुढे ओढलं. बाबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आईच्या वेळी हॉस्पिटलच्या बाहेर त्यांनी असंच पाहिलं होतं.

"कधी?"

"तुम्ही रागावून लिहिलंत, त्याच सुमाराला."

"मी मेलो असं समजून."

तिने मान हलवली. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, येऊ दे, येऊ दे, असं ओरडत.

"कोणी लपवलं मला?"

"मी. मी त्या पेपरातल्या लोकांना शिकवत होते. तुम्ही आहात हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, यंत्र आहे."

"कशावरून?"

त्यांनी हे रागाने विचारलं नाही. निष्कर्ष मांडणाऱ्या विद्यार्थ्याला विचारावं, तसं विचारलं.

"रोज त्याच वेळी यायचं. एकाच पद्धतीने लिहिलेलं. आकडा असायचा."

"रीडिंग रोज त्याच वेळी घ्यायचं असतं," बाबा म्हणाले. "नाहीतर त्याला अर्थ नाही. मीच शिकवलं होतं तुला. तू एवढीशी होतीस, स्टुलावर चढून वाचायचीस."

तिला हुंदका आवरला नाही. ती लहान असताना रडली की बाबा आधी चष्मा काढून ठेवत आणि मग तिला जवळ घेत. आज त्यांनी चष्मा काढला नाही.

"रडू नकोस, ठमे. मला आज कोणाची समजूत घालता येणार नाही."

तिने तोंडावर पदरासारखी ओढणी दाबून धरली. बाबा आपल्या तळहातांकडे बघत बसले.

"नाव कळलं का तिचं?" त्यांनी विचारलं.

तिने सांगितलं. सुनेचा निरोपही सांगितला, कुंड्यांचा. निरोप त्यांनी ऐकला की नाही, कोण जाणे. नाव मात्र मान वाकवून नीट ऐकलं.

"बरं," ते म्हणाले. "जा तू आता. तुझ्यावर राग नाही माझा. पण जा."

"थांबते ना मी. बाहेरच्या खोलीत झोपते. तुम्हाला त्रास नाही देणार."

"जा म्हणतो ना."

ती बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिचा पाय अडला. आतून रडण्याचा आवाज येईल असं तिला वाटलं होतं, निदान खुर्ची सरकल्याचा. काहीच आलं नाही. ती कठडा धरून उभी राहिली. मग बाबांनी ते नाव एकदा मोठ्याने घेतलं, पलीकडच्या खोलीत काम करणाऱ्या माणसाला हाक मारावी तसं, आणि पुढे काय बोलायचं ते न सुचल्यासारखे गप्प झाले.